माझ्यामागे बारा खाटांचं घर कोणी सांभाळावं

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय आजारी आणि म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा, आज सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून हे लिहायला बसलो आहे. मी शुद्धीत आहे की नाही हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत उतरलो, तेव्हा तेच म्हणाले, पुरे. उजवा खुबा सोडला तर माझं सर्व काही जागेवर आहे. कान तर जरा जास्तच. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी, आणि ती नऊ वर्षांपूर्वी गेली.

चार वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं. ते रद्द समजावं. वकीलसाहेब म्हणतात, कारणं लिहायची गरज नाही. नसेलही. पण कारण न सांगता माणसाची कूससुद्धा बदलू नये, असं मी आयुष्यभर शिकवत आलो. ते इथे मोडणार नाही.

१. माझी मिळकत स्वकष्टार्जित आहे. एकोणिसाव्या वर्षी मी मोठ्या इस्पितळात वॉर्डबॉय म्हणून लागलो आणि तीन वर्षं मुख्यतः बेडपॅन धुतले. पुढे घरोघरी जाऊन आजाऱ्यांची उठबस केली. पत्नी नर्स होती, तिला सगळे सिस्टर म्हणत. ती चिडलेली असली की मीही. आम्ही दोघांनी दोन खोल्या आणि तीन खाटांवर सुरुवात केली. आज बारा खाटा आहेत. अंथरुणाला खिळलेल्यांची पाठ आमच्याकडे पडून पडून जखमांनी फुटत नाही, एवढी एकच फुशारकी मी मारतो.

२. वरच्या मजल्यावरचं राहतं घर मुलाला आणि सुनेला. बँकेतली शिल्लक मुलीला. ती लांब राहते, दर आठवड्याला फोन करते आणि आधी विचारते, ऐकू येतंय ना? येतं, बाळ. तुझा नवरा मागून काय पुटपुटतो तेही येतं.

३. माझे थोरले मेहुणे. आमच्या लग्नात, चार लोकांत, ते मला भांडीवाला म्हणाले होते. शेवटचे पाच महिने ते आमच्याकडे खाट क्रमांक नऊवर होते. त्यांना भांडं रोज मीच दिलं, आणि लग्नातलं बोलणं एकदाही काढलं नाही. किती जड गेलं ते सिस्टरलाच ठाऊक. आज इथे लिहून टाकलं, विषय संपला. माझी आरामखुर्ची त्यांच्या मुलाला द्यावी. उशीसकट.

४. आता मुख्य गोष्ट. जुन्या मृत्युपत्रात बारा खाटांचं घर आणि त्यातला सगळा कारभार मुलाच्या हाती दिला होता. तो कष्टाळू आहे, सरळ आहे, इस्पितळं कशी चालवावीत याचं शिक्षण घेऊन आला आहे. मी कारभार त्याच्याकडे सोपवला आणि मध्ये बोलायचं नाही असं ठरवलं.

सहा महिन्यांपूर्वी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर माझा खुबा मोडला. ऑपरेशन झाल्यावर मुलानं मला आमच्याच घरात, खाट क्रमांक चारवर आणून निजवलं. अकरा आठवडे. इतकी वर्षं हे घर मी पाहिलं होतं, ऐकलं ते आता. दारावर टकटक कोण करतं आणि दार नुसतं कोण ढकलतं. “मी अमुक, तुमची पाठ पुसायला आलेय” असं कोण सांगतं, आणि माझ्या अंगावरून चादर ओढताना पलीकडच्याशी मालिकेतल्या सासूबद्दल कोण बोलतं. मालक म्हणून मला सगळे नमस्कार करायचे. खाट क्रमांक चारला मात्र काही जण नुसतेच उलटंपालटं करायचे, आणि तो मीच होतो हे दोन मिनिटांनी त्यांच्या लक्षात यायचं.

आमच्याकडे एक अटेंडंट आहे, सहा वर्षं झाली. इतक्या निवांतपणे काम करते की बाकीच्यांनी तिचं नाव सावकाशताई ठेवलं. मुलानं वेळापत्रक केलं होतं : सकाळची आवराआवर, दर माणशी पंधरा मिनिटं. सावकाशताईला पंचवीस लागायची. तीनदा सांगून झालं, चौथ्यांदा त्यानं तिला महिन्याची नोटीस दिली. ती भांडली नाही. नोटीस घडी करून एप्रनच्या खिशात ठेवली आणि मला म्हणाली, “काका, कूस बदलू या. आधी गुडघा.” हात जोडून विचारावंसं वाटलं, तू गेल्यावर माझा गुडघा आधी कोण विचारणार? पण बोलायचं नाही असं ठरवलं होतं. गप्प राहिलो. मला गप्प राहता फार चांगलं येतं. त्याबद्दल कलम सहा पाहावं.

मग तो रविवार आला. दोघी जणी कामावर आल्या नाहीत, आणि काम झटपट कसं होतं ते दाखवायला मुलानं बाह्या सरसावल्या. आमच्याकडे सिस्टरचा एक नियम आहे : कवळी एका वेळी एकाचीच धुवायची, त्याच्या डोळ्यांदेखत, आणि त्याच्याच डबीत ठेवायची. मुलाला तो वेळेचा अपव्यय वाटला. एक मोठं भांडं घेऊन तो खोल्याखोल्यांतून फिरला, सात कवळ्या गोळा केल्या आणि एकत्र घासल्या. चार मिनिटांत सगळं चकाचक. मग नळ बंद झाला. सात कवळ्या त्याच्याकडे बघून हसत असणार, आणि कोणाची कोणती हे त्या बापड्याला ठाऊक नव्हतं.

त्यानं मापाच्या अंदाजानं वाटल्या. नाश्त्याला टोस्ट आले आणि परत गेले. टोस्टला काय धाड भरली म्हणून स्वयंपाकीण तणतणत बाहेर आली. शेजारच्या खोलीत खाट पाचवरच्या मास्तरीणबाई, ज्यांनी अख्ख्या गावाला बाराखडी शिकवली, त्यांना स्वतःलाच एक अक्षर नीट उच्चारता येईना. त्यांच्या तोंडात पलीकडच्या खोलीतल्या शिंपीकाकांची कवळी होती.

माझ्या दाराबाहेर मुलगा सावकाशताईला हळू आवाजात सांगत होता. दुपारी दातांच्या डॉक्टरांना बोलावतो, तोवर सगळ्यांना पातळ काहीतरी द्या, घरच्यांनी विचारलं तर हिरड्या दुखताहेत म्हणून सांगा.

“तसं नाही सांगणार, साहेब,” ती म्हणाली. “हिरड्या कुठे दुखताहेत? तुम्ही सगळ्या परत गोळा करून आणा. मी ओळखते.”

आणि तिनं ओळखल्या. डाव्या दाढेपाशी बारीक चीर, ही मास्तरीणबाईंची. मागच्या वर्षी हातून पडली तेव्हा त्यांनी बेसिनला फैलावर घेतलं होतं. पुढचा दात खाचलेला, ही शिंपीकाकांची. अजून दोरा दातानंच तोडतात. ही जरा पिवळी, चहात बुडवून बिस्किटं खाणाऱ्या आजींची. सहा अशा लागल्या, सातवी उरली म्हणून लागली. एकेक औषधाच्या पाण्यात बुडवून, पुन्हा धुऊन ज्याच्या त्याच्या तोंडात गेली.

मुलगा म्हणाला, “तुम्हाला कसं कळतं हे?”

“रोज एकेकाची धुते ना, साहेब. त्यालाच तर वेळ लागतो.”

माझं मृत्युपत्र त्या क्षणी बदललं. मुलाचं नाव मी मनातून खोडूनच टाकलं होतं. पण कान उघडे होते म्हणून बरं झालं, कारण पुढे भिंतीपलीकडे त्याची पावलं आली.

“बाई, सकाळी तुमच्या तोंडात दुसऱ्याची कवळी घातली ती मी. घाई मी केली. आणि वर खोटं सांगायला निघालो होतो. माझं चुकलं.”

मास्तरीणबाई म्हणाल्या, “हात पुढे कर.”

चाळिशीच्या माणसानं हात पुढे केला असावा. आता छडी बसते की काय असं मलाही वाटलं. त्यांनी कवळी काढली असणार, कारण पुढचं वाक्य जरा पोकळ आलं : “आता नीट धू. माझ्यासमोर.”

असा तो सातही खाटांपाशी गेला. संध्याकाळी सातही घरी त्यानं स्वतः फोन केले. दोघांनी भरपूर सुनावलं, ते त्यानं ऐकून घेतलं. सोमवारी सावकाशताईकडे नोटीस परत मागितली. ती एप्रनबरोबर कधीच धुतली गेली होती.

५. सबब, माझ्या हयातीनंतर बारा खाटांचं घर मुलाच्या मालकीचं राहील. परंतु खाटांपाशी चालणाऱ्या कामाचा सर्व अधिकार सावकाशताईचा राहील, ती करील तोवर : कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं, कशाला किती वेळ द्यायचा. मुलानं दर बुधवारी एक पाळी तिच्या हाताखाली करायची. दोघांना विचारून लिहिलं आहे. मुलगा लगेच हो म्हणाला. सावकाशताईनं दोन दिवस घेतले आणि म्हणाली, “चालेल काका, पण मला घाई करायची नाही.” छातीवर लावायचं सिस्टरचं घड्याळ तिला द्यावं. त्याचा सेकंदकाटा अजून चालतो. नाडी मोजायला लागेल, तिला घाई करायला नव्हे.

नवी माणसं घेताना प्रमाणपत्रं बघावीतच. मग उमेदवाराला एखाद्या खोलीत पाठवावं आणि तो दारात थांबतो का ते ऐकावं. त्याला किळस येते का विचारावं. नाही म्हणणारा थापा मारतो. येते, पण तोंडावर दिसू देत नाही, असं म्हणेल त्याला ठेवून घ्यावं. शेवटी, हातून झालेली चूक सांग म्हणावं. एकही आठवत नसेल तर चहा पाजून घरी पाठवावं. या नियमानं मला स्वतःला कोणी ठेवलं नसतं.

६. ते असं. बावीस वर्षांचा असताना, त्या मोठ्या इस्पितळात, मी एका म्हाताऱ्याच्या बधिर पायांशी गरम पाण्याची पिशवी ठेवली, कापड न गुंडाळता. त्याला कळलं नाही, सकाळी पायाला फोड आले. हेड सिस्टरनं सगळ्यांना ओळीत उभं करून विचारलं. मी गप्प. माझ्या शेजारी, आम्ही पैलवान म्हणायचो तो वॉर्डबॉय उभा होता. आडदांड, पण हाताला लोण्यासारखा मऊ. अवजड शरीराचा माणूस धसमुसळाच असणार असं धरून त्याला काढून टाकलं. त्यानं जाताना माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्याला माहीत होतं.

जे मुलाला एका सकाळीत जमलं, त्याला मला बावन्न वर्षं लागली. पैलवानाचा पत्ता मी शोधून काढला आहे. मृत्युपत्र उघडण्याची वाट न पाहता त्याला सगळं लिहिलेलं पत्र कालच टाकलं. हेड सिस्टर हयात नाहीत. त्यांच्यावर मी उगाच वर्षानुवर्षं दात धरला, तो सोडला. खिडकीजवळची खाट क्रमांक एक पैलवानासाठी, त्याला लागेल तेव्हा, जन्मभर. पत्राचं उत्तर आलं नाही तरी.

७. दाढीचा माझा सगळा सरंजाम, वस्तरा, ब्रश, वाटी, मुलाला. चाळीस वर्षं मी याच सरंजामानं दुसऱ्यांच्या दाढ्या केल्या. दुसऱ्याच्या गळ्यापाशी वस्तरा धरला की माणसाला घाई करता येत नाही.

हे कलम लिहून झालं होतं आणि मी सही करणारच होतो. काल कलम सहाचा कच्चा मसुदा मी मुलाला वाचून दाखवला होता. तो ऐकून तसाच उठून गेला होता; मला वाटलं, बाप त्याच्या नजरेतून उतरला. आत्ता माझ्या दारावर टकटक झाली. या घरात वाढलेला हा मुलगा आजवर माझ्या खोलीत दार ढकलूनच आला आहे.

“बाबा, मी आहे. बुधवार आहे आज. तुमची दाढी करायला आलोय. करू का?”

ये म्हटलं. तेव्हा सही दाढीनंतर.

सही : लिहिणार, पूर्वीची खाट क्रमांक चार. हनुवटीला एक बारीक काप. त्यानं लगेच सांगितला.

साक्षीदार पहिले : डॉक्टर, वजाबाकी घेणारे.

साक्षीदार दुसऱ्या : निवृत्त मास्तरीणबाई, खाट क्रमांक पाच, स्वतःच्या कवळीसह. त्यांनी वरच्या मजकुरातल्या अकरा चुका दुरुस्त केल्या आहेत. (सावकाशताईलाही सही करायची होती. जिला काही मिळतं तिनं साक्षीला राहू नये, असं वकीलसाहेब म्हणाले.)

ठिकाण : बारा खाटांचं घर, तळमजला.
वार बुधवार, तारीख बारा, सकाळी साडेदहा. वेळापत्रकापेक्षा पंचवीस मिनिटं उशिरा.