गठ्ठ्यांमागचा माणूस

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ताई गेली.

आज आलेल्या नर्सनं सांगितलं. ती ताईच्याच गावची. गाव सोडायला एकच बस, तीही अर्धी सामानानं भरलेली! बाहेर एकोणीस बायका. ड्रायव्हरनं दार लावून घेतलं. ताईनं दारात हात घातला, तर त्यानं पान्यानं बोटं ठेचली. पाच मिनिटांत तिथंच तोफगोळा पडला. नर्स खड्ड्यात फेकली गेली म्हणून वाचली.

"डाव्या कानाला पाळी नाही त्याच्या," म्हणाली. "मेले तरी विसरणार नाही."

मीही नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

नर्सला पुढच्या गावच्या दवाखान्यात नेलं.

जाऊबाई म्हणाली, दोन दिवस घरी थांब. थांबून काय करू? भिंतींना शिव्या देऊ? या बंद गिरणीतल्या छावणीत राबायला जाऊबाई धरून आम्ही सहाजणी आणि निर्वासित दोनशेच्या वर. चाळीस गाद्यांच्या खोळी शिवल्या. टाक्यागणिक तो कान दिसत होता.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आला! स्वतःच्या पायांनी!

नावं लिहून घ्यायला मीच बसले होते. टोपी काढली आणि — कान. सोबत बायको, नववा महिना.

"काय काम करायचात?"

"बस चालवायचो, बाई."

"गावातले सगळे आणलेत?"

खाली बघत म्हणाला, "मावले तेवढे."

बायको भोळी. लगेच म्हणाली, "अहो, कपाट, पलंग, सगळं आणलं होतं यांनी. वाटेत बस लष्करानं घेतली, सामानही गेलं."

तळपायाची आग मस्तकात गेली. तरी हसून दोघांना खिडकीजवळची, उबेची जागा दिली. डोळ्यांसमोर राहू दे.

सोमवार, १० फेब्रुवारी

ती मला 'ताई' म्हणते. पाय सुजलेत, मी शेकून दिले. तिच्यावर राग धरावा म्हटलं, तर धरता येत नाही. सगळा त्याच्यासाठीच राखून ठेवलाय.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आमची छावणी चालवणाऱ्या मोठ्या बाई शाळेतल्या छावणीतून बातमी घेऊन आल्या. लष्कर निर्वासितांतले धडधाकट पुरुष उचलतंय — आघाडीवर खंदक खणायला. गेलेले परत येत नाहीत म्हणे. आपल्याकडे असे चौघं. मोठ्या बाई म्हणाल्या, "एकालाही हात लावू द्यायचा नाही." तिघं बॉयलरच्या खोलीत लपवायचे ठरले. चौथा तो ड्रायव्हर. मावत नव्हता.

"याला मी लपवते," मी म्हटलं.

जाऊबाईनं माझी पाठ थोपटली. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. झालं नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सकाळी दहाला शिपाई आले. तो कापडाच्या गठ्ठ्यांमागे. अधिकाऱ्यानं विचारलं, "पुरुष आहेत का?" मी मोठ्यानं म्हटलं, "नाहीत, साहेब." आणि गठ्ठ्यांकडे बघितलं. बघतच राहिले. एवढंच! एक शब्द फितुरीचा नाही, एक बोट उचललं नाही.

ओढून नेताना तो माझ्याजवळून गेला. "बाई, माझ्या बायकोचं..."

मी त्याच्या त्या कानाशी वाकले. "एकोणीस होत्या. त्यांतली एक माझी ताई."

तोंड पांढरंफटक पडलं. कळलं त्याला. मला तेच बघायचं होतं.

बायको माझ्या गळ्यात पडून रडली. मोठ्या बाईंना वाटतंय, शिपायांना वासच लागला असावा.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दोन रात्री गाढ झोपले. ताई गेल्यापासून पहिल्यांदाच. देव बघत असेल तर बघू दे. त्या बसच्या दाराशी कुठं होता?

रविवार, १६ फेब्रुवारी

दुपारी तिला मुलगी झाली. सुईण वेळेत पोचली नाही, माझ्याच हातांवर आली पोर. नाळ मी कापली. कपड्यात गुंडाळून तिच्या कुशीत ठेवली, तेव्हा म्हणाली, "हे येईपर्यंत आम्हा दोघींना तुम्हीच, ताई." आणि पोरीच्या कानात नाव सांगितलं.

माझं.