आबांच्या पसंतीची बंदूक

आबा, मला एक जुनी बंदूक घ्यायची आहे आणि कुठली घ्यावी ते ठरत नाही. तुम्ही जाऊन सव्वीस वर्षं झाली, तेव्हा हे तुम्हाला विचारण्यात काही राम नाही, पण दुसरं विचारायचं कुणाला? साताऱ्यात मी राहते त्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडं आहेत. त्यातल्या एकालाही बंदुकीच्या नळीला पोचा पडला तर काय होतं ते ठाऊक नाही. आमच्या ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. लेक कॅनडात असते, रविवारी फोन करते. तिला म्हटलं, बंदूक घेतेय, तर ती म्हणाली, "आई, तू बरी आहेस ना?" साठीला आलेल्या बाईने बंदूक घेते म्हटलं की ती कुणावर तरी झाडायलाच असणार असं लोकांना वाटतं. मातीच्या चकत्या फोडायला घेतेय असं सांगितलं, तर आणखीच काळजीत पडतात.

झालं असं, की शाळेत मी तीस वर्षं पी.टी. शिकवली, एनसीसीच्या पोरींना रायफल धरायला शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर सकाळी उठून काय करायचं ते कळेना. आमच्या कॅम्पला यायचे ते एक मेजरसाहेब आता आटपाडीकडे राहतात. डाळिंबाच्या बागेपलीकडे त्यांचा मोकळा माळ आहे, तिथे त्यांनी एक यंत्र बसवलंय. आपण 'पुल' म्हणून ओरडायचं, की ते बशीएवढी केशरी चकती हवेत भिरकावतं. ती खाली यायच्या आत फोडायची. पंचवीस चकत्यांचा एक डाव. साहेबांनी सहज म्हणून आपली बंदूक माझ्या हातात दिली आणि पहिल्याच डावात मी अकरा फोडल्या. "हे कुठं शिकलात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाटणच्या वरच्या सड्यावर, पणत्यांवर. त्यांना ती चेष्टा वाटली.

चेष्टा नव्हती हे आता फक्त मला माहीत आहे. दिवाळी सरलेली आहे, मी चौदा वर्षांची आहे. माधवनगरच्या मिलच्या गेटवर तुम्ही वर्षभर खांद्याला बारा बोरची दुनळी अडकवून उभे राहता आणि सुट्टी मिळाली की ती दुनळी, आई आणि मी, असं सगळं लटांबर गावी नेता. पाटणच्या कुंभाराकडे न खपलेल्या वाकड्या पणत्या असतात. त्यांची पाटी डोक्यावर घेऊन तुम्ही चढ चढता, मी मागून बंदूक घेऊन येते, उघडून, हातावर आडवी टाकून. वर नुसता कातळ आणि पिवळं पडलेलं गवत. फौजेत असताना साहेबलोकांना चकत्या मारताना तुम्ही बघितलेलं, आणि आपल्या पोरीलाही ते आलं पाहिजे असं का कोण जाणे तुमच्या मनाने घेतलेलं. माझ्या मागे, उजव्या अंगाला उभे राहून तुम्ही पणती भिरकावता. "पणतीकडं बघ. नळीकडं बघू नगंस. नळीला ठावं हाय कुटं जायाचं." पहिल्या दिवशी मी एकही फोडली नाही आणि खांदा मात्र काळानिळा करून घेतला. आईने त्या दिवशी तुमचा जो उद्धार केला तो अख्ख्या आळीने ऐकला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर तुम्ही सुईदोरा घेऊन ओसरीवर बसलेले. मिलमधल्या चिंध्या घडी घालघालून त्यांची जाड गादी केलेली, आणि ती माझ्या पोलक्याच्या खांद्याला आतून शिवताय. फौजी टाके, एक पुण्याला तर एक बेळगावला. त्यानंतर मला लोकांनी पुष्कळ काय काय दिलं, साड्या दिल्या, निरोपसमारंभाला चांदीचा पेला दिला. पण त्या गादीइतकं मनापासून आवडलेलं दुसरं काही मला आठवत नाही.

चौथ्या दिवशी तुम्ही दोन पणत्या एकदम फेकल्या आणि मी दोन्ही फोडल्या. उजवी, मग डावी. आणि हरखून मागे वळले, बंदूक तशीच मिटलेली, नळ्या तुमच्या पोटाकडे. तुम्ही एका हाताने नळ्या वर ढकलल्या, बंदूक माझ्या हातातून काढून घेतली, मोडून रिकामी काडतुसं खाली पाडली. बंदूक मधोमध वाकवून उघडण्याला तुम्ही मोडणं म्हणायचा. "रिकामी होती की," मी म्हटलं. तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असता तर बरं झालं असतं. "रिकामी बंदूक म्हणून काय नसतं पोरी. रिकामी हाय म्हणतच मेलेली माणसं म्या उचलल्यात." एवढं बोलून पाटी उचलली आणि उतरायला लागलात. उरलेली सुट्टी तुम्ही बंदुकीला हात लावू दिला नाहीत. तीस वर्षं मी पोरींना हाच नियम शिकवला, अगदी तुमच्याच आवाजात. पण आबा, मी तुमचं तोंड बघायला वळले होते. तुम्ही खूश झालात का, एवढंच बघायचं होतं. ते बघायचं राहूनच गेलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तुमची दुनळी असती तर हा सगळा प्रश्नच आला नसता. तुम्ही गेलात तेव्हा ती पोलीस ठाण्यात जमा झाली आणि वारस म्हणून मला विचारलं गेलं. घरात दोन वर्षांची पोर, सासूबाई म्हणाल्या हत्यार नको, आणि मीही नको म्हटलं. सासूबाईंवर ढकलायला सोपं आहे, पण सही माझी आहे. आता स्वतःचं लायसन्स काढायला दीड वर्ष हेलपाटे घातले. बंदूक घेऊन लायसन्सवर तिची नोंद करायची मुदत या महिन्याच्या अखेरीला संपते. तोवर नाही घेतली तर पुन्हा पहिला अर्ज, पहिली चौकशी. तेवढी उमेद माझ्यात उरलेली नाही, आणि साहेबांच्या बंदुकीवर जन्मभर खेळता येत नाही, म्हणजे आटपाडीचा माळही संपला. आणि तो संपला तर आठवड्यातला ज्याची वाट बघावी असा एकुलता एक दिवस जाईल. मेजरसाहेब गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे पुण्याला गेलेत. फोनवर म्हणाले, "अंगाला बसेल ती घ्या." नवी बंदूक मला झेपणारी नाही, म्हणून जुनी.

दुकान सांगलीत आहे, मालक चाळिशीचा, गोड बोलणारा. त्याने काउंटरवर दोन बंदुका ठेवल्या. पहिली दुनळी, शेजारी-शेजारी नळ्या, लोखंडावर बारीक वेल कोरलेली, अक्रोडाचा दस्ता कुणाच्या तरी हाताच्या घामाने काळसर झालेला. तिला धरलं आणि तुमच्या खाकी कोटाचा वास आला. खोटं नाही, तेलाचा आणि विडीचा. मग तुम्ही दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी ओसरीवर करायचा ते सगळं मी केलं. आधी मोडून आत काडतूस नाही ना ते बघितलं. नळ्या सुट्या करून उजेडाकडे धरल्या, आतली वर्तुळं कुठे वाकलेली दिसतात का ते पाहिलं. पुन्हा जोडली, नळ्यांखालचं पुढचं लाकूड काढून ठेवलं आणि दस्ता धरून हलवली. खट् असा बारीक आवाज आला. सांधा झिजलाय. मला तो ऐकू आला आणि मी तो न ऐकल्यासारखं केलं. तुम्ही असता तर तिथेच उठून चालू लागला असता. मालक माझ्या तोंडाकडे बघत होता. म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का? ही भिंतीला लावायला लय झ्याक हाय. काडतुसाचं घर आखूड हाय हिचं, आताची लांब काडतुसं हिच्यात घालायची न्हाईत. चकत्या मारायला ही न्हाई चालायची."

दुसरी होती ती एकावर एक नळी असलेली. जड, साधी, दस्त्यावर हा एवढा ओरखडा. एक मुलगी स्पर्धांत खेळायची, लग्न होऊन परदेशी गेली, तिची. हलवून बघितली, दगडासारखी गप्प. असली बंदूक तुम्हाला कधीच आवडली नाही. "वर-खाली नळ्या म्हंजी सायबाचं खेळणं. दोन डोळं मानसाला शेजारी-शेजारी दिल्यात, एकावर एक न्हाईत," असं तुम्ही म्हणायचा, आणि तुमच्यापुढे कोण बोलणार? मालकाने सांगितलं, डोळे मिटून खांद्याला लावा आणि मग उघडा. आधी दुनळी लावली. दस्ता लांब, बगलेत अडकला, मान पुढे ताणून गाल लाकडाला न्यावा लागला. मग दुसरी लावली. डोळा उघडला तर नळीवरची पट्टी सरळ समोर, टोकाचा मणी बरोबर मधोमध, आणि मान आपल्या जागेवर. "बसली," मालक म्हणाला.

माळावरही साहेब सारखे म्हणायचे, मॅडम, मान का ताणता? ताणते, कारण मी तुमच्या बंदुकीवर शिकले. तिचा दस्ता तुमच्या हाताच्या मापाचा होता आणि माझा हात चौदा वर्षांचा. ही दुसरी बंदूक घेतली तर ती मान सोडावी लागणार. दिसायला मी आईवर गेले, बोलायला कुणावर गेले देव जाणे. तुमचं म्हणून माझ्यात दिसण्यासारखं जे काय उरलंय ते ती ताणलेली मान आहे, आणि तीही चूकच.

मालकाने विचारलं, मग कुठली काढू? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वडिलांना विचारून सांगते." त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. "घिऊनच या की त्यास्नी. हातात धरून बघू द्या." मी म्हटलं, "गुडघे धरलेत त्यांचे, जिना चढवत नाही." एक खोटं निघालं की दुसरं किती सहज येतं ते त्या दिवशी कळलं. गाडीत येऊन बसल्यावर मला हसू आलं, आणि ते लवकरच थांबलं. साताऱ्याचा रस्ता धरायचा सोडून मी माधवनगरला गेले. मिल बंद आहे. गेटला कुलूप आणि कुलपापुढे प्लास्टिकच्या खुर्चीत एक वॉचमन मोबाइलमध्ये मान घालून बसलेला, हातात साधी काठी. तुम्ही उभे राहायचा त्या जागेसमोर मी गाडीत बराच वेळ बसून होते. मला वाटलं होतं काहीतरी सुचेल. वॉचमनने तेवढं येऊन विचारलं, कुणाला भेटायचंय?

इथवर लिहिलं त्याला आता आठ दिवस झाले. मधल्या काळात तुमच्याशी मनातल्या मनात खूप वाद घातले. तुमच्या नियमाने पहिली नापास होते आणि तुमच्या आवडीने दुसरी, म्हणजे दोन्हीकडून तुम्हीच बोलणार आणि मी मधे उभी. काल पुन्हा सांगलीला गेले. दुनळी परत मागून घेतली, लाकूड काढलं आणि या वेळी दोनदा हलवली. दोन्ही वेळा खट् वाजलं. मी ती काउंटरवर ठेवली, तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हटलं, ती दुसरी द्या.

मालक कागद भरत होता. "वडील आलं न्हाईत व्हय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, फोटो दाखवला त्यांना. "मग? काय म्हणाले?" पसंत आहे म्हणाले. "वय किती हो त्यांचं?" मी म्हटलं, नव्वदीला आलेत. त्याचं पेन थांबलं. म्हणाला, "आमचे परवाच्या साली गेले. नशीबवान हाय तुमी मॅडम, अजून विचारायला माणूस हाय." मी हो म्हटलं. आबा, तुम्हाला ती अजिबात पसंत पडली नसती, ते मला पक्कं ठाऊक आहे, पण त्याला कशाला सांगू? निघताना तो जिन्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "आबांस्नी नमस्कार सांगा. पुढच्या टायमाला आलासा की गुडघं कसं हायत त्यांचं सांगा मला, आमच्याकडं एक तेल हाय." तुम्हाला आबा म्हणतात हे माझ्या बोलण्यातून कधी निसटलं कोण जाणे. कितीतरी वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे तुमची चौकशी केली.

हे पत्र शाळेच्या जुन्या हजेरीवहीच्या कोऱ्या पानांवर लिहिलंय आणि ते वहीतच राहील. एक गोष्ट सांगायची राहिली. महिनाभर पुरतील म्हणून काडतुसांच्या चार पेट्या घ्यायचं ठरवून गेले होते, मालकाने काढूनही ठेवल्या होत्या. मी एकच घेतली. एका डावात संपेल. मग परत जावं लागेल.