औदुंबराभोवतीच्या उलट्या फेऱ्या

पुणे, सोमवार, ८ जानेवारी २००१

प्रिय अभिनव,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर साय मजेत आहे, एवढेच सांगितले. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. येत्या रविवारी, ऐन संक्रांतीला, तिला श्वानप्रदर्शनात उतरवायचे आहे आणि त्या काळजीने मला आठवडाभर जेवण जात नाही. तिला जाते.

तू अमेरिकेला गेल्यावर तुझ्या आईने हे लॅब्रेडॉरचे पिल्लू आणले. सायीसारखा रंग, म्हणून नाव साय. हिला एकदा तरी प्रदर्शनात न्यायचे, हे तिने पहिल्याच दिवशी जाहीर केले होते. मी तेव्हा हसलो होतो. आता स्वेच्छानिवृत्तीनंतर वेळ आहे, म्हणून हे काम मी रीतसर हाती घेतले. दूध-पोळी बंद केली, कंबर दिसू लागली. परक्या माणसाने जबडा उघडून दात पाहिले तरी स्थिर उभे राहण्याचा सराव खालच्या मजल्यावरच्या शरच्चंद्ररावांकडून करून घेतला. “अहो, माझे दात इतक्या आस्थेने कोणी पाहिले नाहीत,” असे म्हणत का होईना, ते रोज येतात.

परीक्षकासमोर कुत्र्याला गोल पळवावेही लागते. त्यासाठी मी सोसायटीतला औदुंबराचा पार निवडला. तेथे दत्ताच्या पादुका असल्याने आक्षेप येईल असे वाटले होते, परंतु शरच्चंद्ररावांनी “दत्ताच्या पायाशी चार आहेतच, पाचव्याची भरती निघाली का?” एवढ्यावरच भागवले. महिनाभर आम्ही रोज सकाळी फेऱ्या घातल्या. मला वाटले, सर्व काही चोख झाले.

गेल्या मंगळवारी लस टोचायला गेलो, तेव्हा डॉ. सितारा शेख यांना साय चालवून दाखवली. त्या म्हणाल्या, “काका, तुम्ही हिला प्रदक्षिणा शिकवलीत.” रिंगणात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जायचे असते, कुत्रा आपल्या डाव्या हाताला, म्हणजे आतल्या बाजूला, मध्ये उभ्या असलेल्या परीक्षकाला दिसेल असा. पाराभोवती आपल्या सवयीने फिरताना मी नेमके उलटे पक्के करून ठेवले होते.

दुसऱ्या दिवसापासून दिशा बदलली. “उलटे फिरू नका हो, महिन्याचे पुण्य परत जाईल,” हा शरच्चंद्ररावांचा आहेर मिळालाच. साय मात्र दोन दिवसांत शिकली. अडतो आहे तो मी. दोन फेऱ्या होतात. तिसऱ्या फेरीत, तुळशीच्या कुंडीपाशी, पाय थांबतात. साय मान वर करून माझ्याकडे पाहत राहते. डॉ. शेख यांना मी गुडघ्याचे कारण सांगितले. पट्टा धरायला दुसरा माणूस देते, असे त्या म्हणाल्या. पण साय परक्याबरोबर चार पावलेही जात नाही. अमेरिकेहून बंगळुरूला परतल्यावर गणपतीत तू दीड दिवस आलास, तेव्हा मात्र ती तुझ्या बॅगेवर झोपली होती. तू आईच्या फोटोकडे पाठ करून जेवत होतास, तेव्हाही ती तुझ्याच पायांशी होती. मी पाहिले, बोललो नाही.

गुडघा उत्तम आहे, अभिनव. उलट्या दिशेने मी आयुष्यात एकदाच चाललो आहे. आई गेली तेव्हा तुला अमेरिकेहून विमान मिळेना, वैकुंठ स्मशानभूमीत थांबणे शक्य नव्हते, म्हणून पाण्याचे मडके मी खांद्यावर घेतले. तीन फेऱ्या. गुरुजी म्हणाले, आता मागे वळून पाहायचे नाही, आणि मी पाहिले नाही. त्याबद्दल आपण दोघे कधीच बोललो नाही. तू येऊ शकला नाहीस, याचा राग मला त्या दिवशीही नव्हता आणि आजही नाही. तुला तसे वाटत असावे, अशी शंका मला घराबाहेर तुझी चप्पल न दिसणाऱ्या प्रत्येक सणाला येते. हे फोनवर सांगता आले नसते.

म्हणून लिहितो. शुक्रवारच्या बसने बंगळुरूहून निघ. शनिवारी पाराभोवती थोडा सराव कर. ती तुला सांभाळून घेईल. रविवारी पट्टा तू धर. मी रिंगणाच्या दोरीबाहेर, जिथून फेरी सुरू होते तिथेच, तिळगूळ घेऊन उभा असेन. या फेऱ्या संपल्यावर मागे वळून पाहायला मनाई नाही.

वाट पाहणारा, तुझाच,
बाबा