तुमच्या पुस्तकात कोणी मरत नाही

गुरुजी,

परवा पुन्हा एकाने विचारलं. दारव्ह्याच्या बसमध्ये शेजारी बसलेला गृहस्थ. बोलता बोलता मी तुमची विद्यार्थिनी असल्याचं निघालं, तसा आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, तुमच्या गुरुजीनं असं काहून केलं असंन हो?" मी सांगितलं, गुरुजींनी काहीही केलं नाही. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या, यवतमाळच्या दवाखान्यात भर दुपारी गेले, मी तिथेच होते. त्याने मान हलवली, पण ती माझी समजूत काढल्यासारखी. "पिक्चरमंदी तं येगळंच दाखवलं," म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला. पूर्वी मी अशा माणसाशी उतरेपर्यंत भांडत असे. आता नाही भांडत. तुमचं मरण मी इतक्या लोकांना समजावून सांगितलं आहे की सांगताना माझा आवाज बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीतल्या माणसासारखा होतो. बोरी अरबची गाडी कुठे लागते आणि गुरुजी कशाने गेले, दोन्ही एकाच सुरात.

खरं तर पुस्तक आणि पिक्चर यांतला फरक मला तुम्हीच शिकवलात, आणि तोही कान उपटून. सातवीत तुम्ही मला शाळेच्या कपाटातली एक कादंबरी दिली होती. ती मी उघडलीच नाही. जत्रेतल्या तंबूत त्याच गोष्टीवरचा पिक्चर पाहिला होता, मग वाचायचं कशाला? वर्गात उभी राहून गोष्ट धडाधड सांगितली. तुम्ही ऐकून घेतलं आणि विचारलं, शेवटी त्या बाईचं काय होतं? मी म्हटलं, विहिरीत उडी घेते. पुस्तकात ती शिलाईचं मशीन घेऊन वेगळं बिऱ्हाड करते, हे मला काय माहीत! तुम्ही वर्गात नेहमी पुस्तकी बोलायचात, पण रागावलात की घरचं तोंडात यायचं. "हे तू वाचलं नाईस, पाह्यलं. पाह्याले हरकत नाई. पन वाचलं म्हनू नोको." सगळा वर्ग हसला. मी घरी जाऊन ती कादंबरी रडत रडत वाचली आणि तेव्हापासून आपल्याला दोघांना तो नादच लागला. कुठलाही पिक्चर पुस्तकावरून निघाला की मी तुमच्या स्वयंपाकघरात हजर, आणि तुम्ही विचारायचात, काय गेलं, काय नवं आलं, आणि ज्यानं बदललं त्याला कशाची भीती वाटली? हा तिसरा प्रश्न मला तेव्हा कळत नसे.

मग तुम्ही स्वतःच पुस्तक लिहायला घेतलंत. ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. काकू चुलीपुढे भाकरी थापत आहेत, तुम्ही पाटावर बसून लिहिलेली पानं वाचून दाखवत आहात, मी लसूण सोलते आहे. पुस्तकातला मास्तर म्हणजे तुम्ही आणि त्याची बायको म्हणजे काकू, हे लपवायचा प्रयत्नसुद्धा तुम्ही केला नव्हता. वडिलोपार्जित कोरडवाहू वावर, त्यात दर साली कापसाची पऱ्हाटी, दर साली अळी. शेवटच्या प्रकरणात नवराबायको आडवंतिडवं भांडतात. त्याला पुन्हा कापूसच लावायचा असतो, तिला ज्वारी आणि तूर. सकाळी तो उठतो तर ती घरात नाही. वावरात जाऊन बघतो तर बाई ज्वारी पेरते आहे. तो धुऱ्यावर, बांधावरच, उभा राहून आधी चिडतो, मग हसतो, मग घरी जाऊन चहा करून आणतो. ती घोट घेते आणि म्हणते, पांचट झाला. पुस्तक संपलं.

काकूंना ते पसंत नव्हतं. "मी एकटी कुठी गेलती? संग दोन बाया होत्या. अन चहा पांचट नाई, बिनदुधाचा होता. आपल्या मनानंच लिहून राह्यले तुमी."

"अवं, पुस्तकात तू एकटीच गेलती," तुम्ही म्हणायचात. "एकटीनं गेलेलं चांगलं दिसते."

"दिसते चांगलं. थकली तं मी ना!"

म्हणजे बदल तुम्हीही केलाच होता, गुरुजी. पुढे हे मला आठवत राहिलं, म्हणून त्या पिक्चरवाल्यांवर मला धड रागावताही आलं नाही.

पुस्तक छापून आलं, जिल्ह्यातल्या थोड्या लोकांनी वाचलं, दोघाचौघांनी पत्रं पाठवली. तुम्ही आजारी पडलात आणि गेलात. मागाहून ती वर्षं आली जेव्हा आपल्या जिल्ह्यात कॅमेरे घेतलेली माणसं येऊ लागली. गाडी थांबली की पानठेल्यावरचा माणूस न विचारताच हात करून, कोणी जीव दिलेलं घर दाखवायचा, "तिकडं, लिंबाच्या झाडापाशी." काम होतं तेवढं. आलेले चहा प्यायचे, रडणाऱ्या बाईचा फोटो घ्यायचे आणि ऊन चढायच्या आत परत जायचे. घराघरांत खरंच माणसं गेली होती, मी ते नाकारत नाही. पण इथे कोणी भांडतंसुद्धा, लग्नात वाकडं तोंड करतं, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताट सरकवतं, हे कोणाला नको होतं.

त्याच दिवसांत तुमच्या पुस्तकावर पिक्चर करायचा म्हणून तो दिग्दर्शक आला. मुंबईचा, तरुण, बोलायला फार मऊ. पुस्तक त्याने खरोखर वाचलं होतं, मी तुमच्या पद्धतीने तपासून पाहिलं. काकूंनी होकार दिला. म्हणाल्या, "जाऊ दे, त्याइचं नाव चार लोकाइत होईन." नट-नट्यांना आपली बोली शिकवायला त्याने मला ठेवून घेतलं. काकूंचं काम करणारी मुलगी गुणी होती. मले, तुले पटकन उचललं तिने, पण प्रत्येक वाक्य ती हुंदका गिळल्यासारखं बोलायची. मी म्हणायची, अगं, आमच्याकडच्या बायका धुऱ्यावरून अर्ध्या वावराला ऐकू जाईल असं बोलतात. ती दिग्दर्शकाकडे बघायची, दिग्दर्शक मान हलवायचा, की असंच राहू द्या. त्यात त्या साली नेमका पाऊस बरा झाला होता. जिकडेतिकडे पऱ्हाटी छातीएवढी. त्यांना वाळलेलं वावर मिळेना. शेवटी टेकडीच्या उतारावरचा एक दगडाळ पडीत तुकडा शोधला आणि तिथे तुमची गोष्ट घडवली.

शेवट बदललाय, हे मला तिथेच कळलं. मी सरळ विचारलं. तो म्हणाला, "ताई, चहा पांचट झाला, इथे पुस्तक संपतं. लोक थिएटरमधून कसे उठतील?"

"उठतील," मी म्हटलं. "घरी जाऊन चहा पितील."

तो हसला, पण थकलेला दिसला. म्हणाला, "यवतमाळचा पिक्चर आणि त्यात कोणी मेलंच नाही, तर लोक म्हणतील आम्ही खोटं दाखवलं." तुमचा तिसरा प्रश्न मला तेव्हा कळला, गुरुजी. बिचारा खरं दिसण्यासाठी खोटं करत होता.

पिक्चर यवतमाळला लागला तेव्हा काकूंना घेऊन मी गेले. त्यांनी लग्नातली साडी नेसली होती आणि पदराला भाजलेल्या शेंगा बांधून आणल्या होत्या. मध्यंतरापर्यंत त्या मजेत होत्या, नटीची भाकर पाहून "कच्ची हाये" असं मोठ्याने बोलल्यासुद्धा. मग शेवट आला. भांडण झाल्यावर मास्तर घराबाहेर पडतो. बायको त्याला शोधत वावरात येते. धुऱ्यावर फक्त त्याच्या चपला आहेत. ती किंचाळते, कॅमेरा वर वर जातो, दगडाळ, ओसाड जमीन दिसत राहते. काकू शेंगा फोडायच्या थांबल्या आणि पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "ह्या चपला त्याइच्या नाई."

पुढे तो पिक्चर टीव्हीवर लागला आणि ढाणकीहून काकूंची मामेबहीण येऊन थडकली. मी तिथेच होते. दारातच तिने काकूंच्या गळ्यात पडून सूर लावला. "बाई वं, आमाले सांगतलं काहून नाई?"

"काय सांगाचं?"

"भाऊजीनं असं केलं म्हनून."

काकूंनी तिला धरून बसवलं. "अवं, त्याइच्या किडन्या गेलत्या! तू सोता दवाखान्यात आलती ना, संत्री घेऊन? पलंगापाशी बसून तूच सोलून देल्ली ना?"

"आलती ना." डोळे पुसत ती विचारात पडली. स्वतःच्या हाताने सोललेली संत्री तिला आठवत होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. "पन पिक्चरमंदी तं चपला होत्या."

काकू मला म्हणाल्या, "पुस्तक आन. शेवटलं पान वाचून दाखव हिले." मी वाचलं. ज्वारी, धुरा, चहा, पांचट. वाचताना मला वाटलं, आता उलगडा होईल. बाईने सगळं नीट ऐकलं आणि म्हणाली, "चांगलं हाये. पन यात कोनी मरत नाई?" काकू नाही म्हणाल्या. "मंग पिक्चरच बरा होता," ती म्हणाली, आणि काकू हसल्या, आणि मग उठून तिच्यासाठी भाकरी टाकायला गेल्या. जाताना मामेबहिणीने गावातल्या आणखी दोन घरी हळूच सांगितलंच. माणसं भेटायला येत राहिली. काकू प्रत्येकाला किडनी सांगत राहिल्या, आणि प्रत्येक जण, दुःखात बाई असंच बोलते, अशी समजूत करून घेऊन परत जायचा. त्यांचा नवरा त्यांच्यापासून एकदा गेला होता. आता तो कसा गेला, तेही गेलं. मला त्या लोकांचा संताप यायचा. संतापाने काही होत नाही हे कळायला फार वर्षं लागली.

मागच्या हिवाळ्यात काकूही गेल्या. तुमचं खरं सांगणारी आता मी एकटी उरले. पुस्तकाच्या प्रती कुठे मिळत नाहीत आणि पिक्चर तर हल्ली मोबाईलवर फुकट दिसतो. बसमधल्या त्या गृहस्थाने तो तिथेच पाहिला असणार.

थिएटरातलं एक मात्र मी वर गाळलं. तुम्ही गेलात त्या दुपारी मी स्ट्रेचरसाठी भांडत होते, गाडी ठरवत होते, काकूंना धरत होते, लोकांना कळवत होते. मी रडले नाही. बायकांनी ते पाहिलं आणि बोलूनही दाखवलं, की गुरुजींनी पोरीसारखी वाढवली आणि हिच्या डोळ्यांत टिपूस नाही. पुढेही कधी रडू आलं नाही. पण पडद्यावर त्या चपला दिसल्या, कुण्या नटाच्या, त्या दगडाळ तुकड्यावर माझ्याच समोर ठेवलेल्या, आणि मला असं रडू फुटलं की पुढच्या रांगेतली माणसं वळून पाहू लागली. ते खोटं आहे हे त्या थिएटरात माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? काकूंनी माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. शेंगांचा वास येत होता त्यांच्या पदराला. म्हणाल्या, "रडून घे माय. तवाचं राह्यलं होतं तुयं."

म्हणून मी त्या पिक्चरला चार लोकांत कितीही नावं ठेवली, तरी आतून ठेवता येत नाहीत. मला रडवलं ते त्याने. तुम्ही खरे जसे गेलात, त्यावर मी अजूनही रडलेली नाही.