दोन सूत

शुक्रवार, संध्याकाळ

बाबांच्या जुन्या दोनदारी कूपे गाडीचं छप्पर आज खांब कापून बुटकं केलं. जुनी गाडी कापून-जोडून नव्या रूपात आणलेली, माझी पहिली हॉट रॉड. गाडी देताना बाबा एवढंच म्हणाले होते, "बिघडवू नकोस."

इथल्या, कुवेतच्या सुलैबियातले वेल्डर दाऊदचाचा, मूळचे रत्नागिरीचे, काल फोनवर म्हणाले, "छपराचे खांब कापताना दोन सूत जास्त ठेव, कापण्यात नि कडा सरळ करण्यात तेवढं जातं." मी दोन मिलिमीटर ठेवले. सूत म्हणजे किती, विचारलं नाही. का? रिफायनरीत इतरांची मापं मी तपासते म्हणून?

जुम्म्याची नमाज पढून चाचा आले. छप्पर टेकवलं, तर पुढच्या दोन्ही खांबांत चार मिलिमीटरची फट.

"अगो बाय, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग! इंजिनीअर ना तू?" ते हसले. मग कापलेल्या तुकड्यांतूनच पट्ट्या काढून त्यांनी फट भरली, आणि घासायला ग्राइंडर माझ्या हातात दिला.

बाबा बाहेर आले, खांबावरून बोट फिरवलं. "कुठे चुकली नाही ना ही?"

"जोड सापडतो काय बघा," चाचा म्हणाले.

बाबांना सापडला नाही. तिथेच संपलं असतं. पण मीच सांगितलं, "सुताच्या मापात चुकले, बाबा. चाचांनी वाचवलं."

चाचांना चहा दिला. आभार मानायचं तेवढं जमलं नाही. ते गेल्यावर छपराच्या माझ्या ड्रॉइंगवर लिहिलं: १ सूत = ३.१७५ मिमी. आणि 'तपासणार' या चौकटीत माझं नाव खोडून त्यांचं घातलं.