लॉरी सोडली का?

उळवी, ८ फेब्रुवारी १९३०
जत्रेला पोचलो. माळावर सगळ्या बैलगाड्या, मोटार लॉरी एकच, ती माझी. सुशीलेनं अट घातलीय. जत्रेचे सहा दिवस लॉरीत राहून बघणार. जमलं तर यापुढे माझ्याबरोबर गावोगाव, नाही तर ती खानापूरला आईजवळ आणि मी एकटा लॉरीत. लग्नाला चार वर्षं झाली, त्यातली तीन मी लॉरीतच काढली. तेव्हा जमायलाच हवं. मागे गादी, विजेचा दिवा, पेट्रोलचे तीन डबे. आणखी काय लागतं बाईमाणसाला?

शेजारी आमच्याच गावच्या पुंडलिकची बैलगाडी. बरोबर बायको पुतळी. बैल सोडून त्यानं लॉरीभोवती एक चक्कर मारली. जळतोय बिचारा.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
थंडी. इंजिन चालू ठेवलं. दिवा लख्ख, पायाखालची फळी कोमट. पुंडलिक येऊन विचारतो, लक्षुमणा, लॉरी सोडली न्हाईस व्हय अजून? लॉरी काही बैलासारखी सोडत नाहीत, असं त्याला समजावलं. म्हणाला, मुक्कामाला आल्यावर बैलबी दमत्यात की. पोटात दुखलं की माणूस काहीही बोलतो.
निश्चय: इंजिन रोज एकच तास.

१० फेब्रुवारी
एका तासाचे चार झाले. इलाज नव्हता. इंजिन बंद केलं की पुंडलिकच्या गाडीतलं हसू ऐकू येतं. त्यांना थंडी कशी वाजत नाही म्हणून सहज डोकावलो. खाली भाताचा पेंढा, वर घोंगडी, पायाशी चुलीत तापवलेले दगड, गोणपाटात गुंडाळून. दगडांचा हेवा करणारा मी नव्हे.
सुशीला तिकडे जरा शेकायला म्हणून गेली. अर्धा दिवस शेकत होती.

११ फेब्रुवारी
शक्कल सुचली. पायाखालची फळी काढून टाकली, इंजिनची ऊब थेट आत. ताडपत्री चारी बाजूंनी घट्ट बांधली. पुंडलिकला सात जन्मांत सुचायचं नाही.

१२ फेब्रुवारी
दोघांचीही डोकी ठणकतायत. सुशीलेला दोनदा उलटी. नजर लागली, पुंडलिकची. रेडिएटरला लिंबू-मिरची बांधली आणि इंजिन चालू केलं. सुशीला म्हणाली, नजर न्हाई, धूर हाय त्यो. अंथरूण उचलून पुतळीकडे गेली. पुंडलिक आता स्वतः बैलांजवळ झोपणार. छाप पाडायची ही जुनी रीत मला ठाऊक आहे.
दुपारपर्यंत लिंबू शिजलं.

१३ फेब्रुवारी, पौर्णिमा
सगळे रथ ओढायला गेले. मी गेलो नाही. इंजिन चालू ठेवून भर उन्हात पुढचे दोन्ही दिवे लावून बसलो, सुशीलेला लांबून दिसावेत म्हणून. तिनं पाहिलं नाही. पुंडलिकनं पाहिलं. येऊन म्हणाला, गड्या, जळण संपंल. मी म्हटलं, जळण माझं आहे, तू का जळतोस? तो वळून रथाकडे गेला. जिंकलो.
तीनच्या सुमारास इंजिन आपण होऊन थांबलं. तिन्ही डबे रिकामे.

१४ फेब्रुवारी
माळ रिकामा. दिवस मावळताना सुशीला पुंडलिकच्या गाडीतून खानापूरला गेली. पेट्रोल घेऊन पुंडलिकच येणार, आठवड्यानं. दुसरं कोणी मिळालं नाही. तिला विचारलं, कायमची जातेस? म्हणाली, लॉरी सोडाय शिका, मग बघू. आणि त्या पुंडलिक भावजींवर किती जळताय, आंघोळीचं पाणी तापंल त्येच्यावर.
मला फार वाईट वाटलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत उभा होतो. मागे वळून गादीवर बघतो तो एक गोणपाट. आत दगड, चांगला तापवलेला.

१५ फेब्रुवारी, सकाळ
दगड अजून कोमट आहे. पुन्हा तापवायचा तर चूल मांडावी लागेल. बघायला पुंडलिक इथं नाही, तेव्हा हरकत नाही.