दसऱ्याच्या कुस्त्या आणि माळ्यावरचे जावईबापू

धाकट्या जैतूस, थोरल्या बहिणीची माया पोचो.

आपली गोदी सुखरूप बाळंत झाली. मुलगी आहे, नाक थेट आजीचं! घरातल्या सगळ्यांना दाखवून झालं, तूच राहिलास.

इथे साखरशेतात मानमोडीचा ताप घरोघर शिरलाय. तरी गावातली शहाणी पोरं दसऱ्याच्या कुस्त्या बघायला जव्हारला पळाली. पुढे कोण? आमचे जावईबापू सोम्या!

मी म्हटलं, "घरात ओली बाळंतीण आहे."

"मामी, कुस्त्या वर्षातून एकदाच," म्हणे.

पैलवान एकही आला नाही. त्यांना अक्कल होती. ही माकडं मोकळा आखाडा बघत दिवसभर एकमेकांच्या अंगावर खोकली आणि परतली.

मी दार उघडलंच नाही. सोम्याला म्हटलं, शेतात डुकरं हाकायला बांधलेल्या माळ्यावर दहा दिवस राहा. पेज बांधावर ठेवून येते. काल ती तशीच राहिली होती.

तुझ्याकडे मोखाड्यात कोणी खोकत नाही ना? बाळ बघायला इतक्यात येऊ नकोस. आलास तर माळ्यावर दुसरी जागा आहे.

दिवसातून चारदा बांधावरून सोम्याला शिव्या घालते. उलट उत्तर आलं, की मगच मला भाकर गोड लागते.

तुझी बाय